नुसता एस लावून भागत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी काल इंग्रजीच्या वहीत ‘फर्निचर्स’ लिहून आली आणि बाईंनी त्यावर फक्त लाल फुली मारलेली, का चुकलं ते काहीच नाही. आपल्याकडे नामाचे प्रकार नुसते पाठ करून घेतात, पण प्रकारावरूनच अनेकवचन ठरतं हे कुणी सांगतच नाही. फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस ही न मोजता येणारी नामं, म्हणून त्यांना एस लागत नाही, मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणायचं. मराठीत आपण सल्ला-सल्ले सहज म्हणतो ना, तिथेच मुलं फसतात.

खरंतर मराठीचाच आधार घ्यावा. घोडा-घोडे होतं पण दगड-दगडच राहतो, तसंच इंग्रजीत शीपचं शीपच. चाइल्डचं चिल्ड्रेन आणि ऑक्सचं ऑक्सन हे जुन्या इंग्रजीतून उरलेलं, ते मात्र पाठच करावं लागतं. लीफचं लीव्ह्ज होतं पण रूफचं रूफ्सच, आणि उच्चार तर कुणी शिकवतच नाही, कॅट्समध्ये स येतो आणि डॉग्जमध्ये ज. शिक्षकांनो, फुलीशेजारी एक ओळ कारण लिहा एवढीच कळकळीची विनंती.

– एक पालक