‘किवी हिडीब्याड!’ म्हणून ओरडलेल्या अण्णांना

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र असं उघड्यावर लिहितेय, त्याबद्दल आधीच माफी मागते. चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हाला खपत नाही, हे माहीत आहे. पण वर्षभरात खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या कितीतरी जणांनी ‘सशाला धरायचं कसं, नर-मादी ओळखायची कशी’ म्हणून मला विचारलं. दर वेळी तुमचं सांगणं माझं म्हणून खपवायची आता लाज वाटते. मराठी वाचायला तुम्हाला त्रास होतो. तुमची लेक वाचून दाखवेल.

दोन वर्षांपूर्वीचा जून. लेकीकडे आला होता तुम्ही. मी अंगणात एका सशाला दोन्ही कानांना धरून पिंजऱ्यातून ओढत होते, तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, “ए, किवी हिडीब्याड!” माझं माहेर चंदगडचं, कन्नड बाजारापुरतं. पण त्या आवाजातलं ‘सोड’ एवढं कळलं; ‘कान धरू नको’ म्हणत होतात, हे मागाहून समजलं. मग आत येऊन तुम्ही विचारलंत, “एष्ट मोल अदावु?” मी मोल म्हणजे किंमत समजले आणि म्हटलं, “अठरा हजार.” तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत, मग दहा पिंजऱ्यांकडे, आणि कट्ट्यावर बसून हसत राहिलात. तुम्ही ‘ससे किती आहेत’ विचारत होतात; सशाला कन्नडमध्ये मोल म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. आणि दिलेलं मोल जास्तच होतं, हेही.

त्यानंतर तुम्ही अर्धा तास फक्त धरणं शिकवलंत. तेव्हा मनात म्हटलं होतं, जनावरांच्या दवाखान्यात जन्म घालवलेला माणूस, काही औषधबिवषध सांगेल, तर हे काय चाललंय! एका हाताने खांद्यावरची सैल कातडी धरायची, दुसरा हात लगेच ढुंगणाखाली, सगळं वजन त्या खालच्या हातावर. तोंड आपल्या काखेत लपवायचं, डोळ्यांना अंधार मिळाला की ससा गप होतो. आत ठेवताना मागची बाजू आधी, म्हणजे तो आपल्या अंगावर लाथ झाडून उडी मारत नाही. “कान धरायला ती काय बाजाराची पिशवी हाय व्हय?” हे तुमच्या मोडक्या मराठीतलं वाक्य आता आमच्या घरात पोरंसुद्धा म्हणतात. सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांतला जोर दांडगा. लोंबकळत ठेवून त्याने लाथ झाडली की स्वतःचाच कणा मोडून घेतो आणि मागचे पाय कायमचे जातात. मी त्या आधीच्या तीन आठवड्यांत किती वेळा तसं उचललं असेल, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. आणि उताणा केल्यावर तो निपचित पडतो, ती झोप नव्हे, भीती असते, हेही तुम्हीच सांगितलंत. मी त्याचे व्हिडिओ काढून बहिणीला पाठवत होते.

धरता आल्यावरच बाकीचं दिसायला लागलं. ज्याने आम्हाला विकले, त्याने ‘एक युनिट, सात माद्या, तीन नर’ म्हणून दिले होते आणि पिल्लं परत विकत घेण्याचा शब्दही. त्याचा फोन पुढे लागलाच नाही, ते सोडा. तुम्ही एकेक ससा मांडीवर घेऊन, शेपूट मागे धरून अंगठ्याने तिथली कातडी हलकेच दाबून बघितलंत. गोल टोक वर आलं तर नर, शेपटीकडे उतरणारी लांबट चीर दिसली तर मादी. माझ्या सात ‘माद्यां’पैकी दोन नर निघाले. दोघी बहिणी म्हणून एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या, आणि एकमेकींना चावतात का म्हणून मी हैराण! आणखी महिनाभर तसेच राहिले असते तर एकाने दुसऱ्याला कायमचं निकामी केलं असतं, असं म्हणालात.

जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो, तुम्हाला सांगायला नको. कणकुंबी-जांबोटीचा पट्टा, आठ-आठ दिवस ऊन नाही. तीन सशांच्या नाकाच्या कडेला आणि नखांच्या मुळाशी राखेसारखी खपली धरली. शेजारचे म्हणाले, खरवडून डिझेल लावा. तुम्ही फोनवरच ओरडलात. खरवडायचं नाही, तालुक्याच्या डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली, चौदा दिवसांनी परत. पिंजऱ्याची जाळी जाळाने शेकून घ्यायची, आणि माझ्या मनगटावर उठलेले फोडही त्याच खरजेचे असणार, तेव्हा आधी हात धू. कानात तपकिरी पापुद्रे दिसले तर तेल सोडून मऊ करायचे, काडी घालून कोरायचं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र वेगळे आभार. एका मादीला शिंका लागल्या, नाक पुसून पुढच्या पंजांचे केस चिकट झाले. औषधाच्या दुकानातून माणसांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आणून मी पाच मिली ओढून तयार होते. सवयीने तुम्हाला फोन लावला म्हणून वाचली. सशाच्या पोटातले जंतूच त्याचा चारा पचवतात. तोंडातून हे औषध गेलं की ते मरतात, वाईट जंतू माजतात आणि हगवण लागून ससा दोन-चार दिवसांत जातो, असं तुम्ही समजावलंत. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. सशाला उलटी होत नाही, पोटात गेलेलं परत येत नाही. आणि एक दिवस चारा सोडला की वाट बघायची नाही. हे दोन्ही मी पिंजऱ्यांसमोर खडूने लिहून ठेवलंय.

पहिल्या वीणीचं मात्र तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही. एकतीस दिवस भरले, मादी रात्री व्याली, पोटाचे केस उपटून पेटीत मऊ गादी केली, सात पिल्लं. दिवसभर ती त्यांच्याकडे फिरकलीच नाही. मी समजले, टाकली. कापसाने गाईचं दूध पाजलं, आणि तिसऱ्या दिवशी पाच गेली. तुम्हाला फोन केला तेव्हा मी फक्त ‘मेली’ एवढंच म्हटलं. तुम्हीही दोष दिला नाहीत. एवढंच विचारलंत, “पोटं बघितलीस?” सशाची मादी दिवसातून बहुधा एकदाच पाजते, तीन-चार मिनिटांत, तेही रात्री नाहीतर पहाटे. सकाळी पिल्लाचं पोट ढोलकीसारखं तट्ट असलं की ती पाजून गेलेली असते. सुरकुतलेलं असलं तरच आपण मध्ये पडायचं. माझ्या पिल्लांची पोटं भरलेलीच असणार. दूध पाजताना त्यांच्या छातीत गेलं असेल. आता रोज पहाटे पेटीत हात घालते तेव्हा ती पाच आठवतात.

एप्रिलमध्ये ओली गोणपाटं टांगायला सांगितलंत, सुबाभळीचा पाला भरपूर घालू नको म्हणालात, बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपून द्राक्षाएवढ्या गाठी लागतात का बघायला शिकवलंत. सगळं इथे मावत नाही. पण कान गोंदायचं सांगायलाच हवं. मी सशांवर स्केचपेनने नंबर लिहायचे आणि चार दिवसांत ते पुसायचे; कुणाचं पिल्लू कुणाचं, गोंधळ. तुम्ही दवाखान्याच्या काळातला आकड्यांचा चिमटा घेऊन आलात. डावा कान, शीर चुकवून, एक दाब, वर काळी शाई चोळायची. बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “ह्यांनी तर माझ्या हातावरच्यासारखंच गोंदण केलं.” त्या दिवसापासून सशांकडे ‘ती घाण’ म्हणून न बघणाऱ्या त्या एकट्याच. माझी वहीसुद्धा त्याच आकड्यांवर चालते: कोण कधी लागली, किती व्याली, किती जगली. चौदा नंबरवालीच्या मागच्या दोन वीणींत एकही पिल्लू गेलं नाही.

तुमचा चिमटा अजून माझ्याकडेच आहे. सातचा आकडा जरा झिजलाय, तो बदलून घ्यावा लागेल. दिवाळीत लेकीकडे याल तेव्हा परत देईन म्हणते, पण चौदा नंबरची पिल्लं तेव्हा नेमकी दूध तोडायला आलेली असतील. एवढी गोंदून झाल्यावर दिला तर चालेल ना?

आपली,
जांबोटी रस्त्यावरची सशेवाली