तक्रार: ॲपवर ३११ डॉलर, कार्डावर ४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: ईबीटी कार्डाची जुनी शिल्लक आजची म्हणून दाखवल्याबद्दल

महोदय / महोदया,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. माझी मावशी जवळच ज्येष्ठांसाठीच्या इमारतीत एकटी राहते. सत्तरी ओलांडलेली आहे, अमेरिकेची नागरिक आहे. काका गेल्यावर सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, तुटपुंज्या पैशांवर तिचं भागतं. धान्य-भाजीसाठी तिला सरकारच्या स्नॅप योजनेतून महिन्याला ९५ डॉलर मिळतात. इथली जुनी माणसं त्याला अजून फूड स्टॅम्पच म्हणतात. न्यू जर्सीने २०२३ मध्ये ही किमान रक्कम ठरवली. केंद्राची किमान रक्कम याहून बरीच कमी आहे, वरची भर राज्य घालतं. हे पैसे ‘फॅमिलीज फर्स्ट’ या ईबीटी कार्डावर, म्हणजे सरकारी मदत जमा होणाऱ्या आणि दुकानात वापरायच्या कार्डावर, जमा होतात, आणि त्यात किती उरले आहेत ते मावशी आपल्या कंपनीच्या ॲपवर बघायची.

हीच तक्रार मी आधी इंग्रजीत पाठवली होती. आलेलं उत्तर तयार मजकुराचं होतं, त्यात मी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचं नावही नव्हतं. मग फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी पुण्याहून बोलत होती. मावशीचं नाव ऐकून ती आपणहून मराठीत बोलायला लागली. मावशीचा चेहरा एकदम उजळला. पण दोन वाक्यांतच ती मुलगी थांबली आणि म्हणाली, “सॉरी मावशी, आम्हाला इंग्रजीतच बोलायला सांगितलंय.” तिची चूक काहीच नाही, तिच्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण आपल्याकडे मराठी समजणारी माणसं आहेत, हे तेव्हा कळलं. म्हणून हे पत्र मराठीत. मावशीला ते वाचून दाखवता येईल आणि तिने होकार दिल्यावरच मी ते पाठवेन, असं ठरवलं होतं. तिने ऐकलं आहे.

आता झालं काय ते सांगते.

मावशी काटकसरी आहे. स्नॅपचे न वापरलेले पैसे पुढच्या महिन्यात तसेच राहतात. कार्ड सलग नऊ महिने वापरलंच नाही तर मात्र ते परत जातात. ती दर महिन्याला थोडं थोडं वापरायची आणि बाकीचं साठवायची. संक्रांतीसाठी तीळ, गूळ, शेंगदाणे, शिवाय वर्षाची डाळ आणि तांदळाची मोठी पिशवी एकदम घ्यायची, असा तिचा बेत होता. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात निघण्याआधी तिने ॲप उघडलं. मोठ्या हिरव्या आकड्यात ३११ डॉलर दिसले. वर लिहिलं होतं, आजची शिल्लक. तेवढ्या भरवशावर तिने दुकानातली ढकलगाडी भरली. बिल १२८ डॉलरच्या आसपास झालं. कार्ड ओढलं, पिन टाकला, यंत्राने नाकारलं. पुन्हा ओढलं, पुन्हा नाकारलं. दुकानदाराने शिल्लक तपासून पावती काढून दिली. त्यावर ४ डॉलर १७ सेंट होते.

मागे रांग होती. दुकानदार ओळखीचा, त्याने “राहू दे मावशी, नंतर द्या” असंही म्हटलं. मावशीने ऐकलं नाही. तिने एकेक वस्तू परत जागेवर ठेवली, कुणाला ठेवू दिली नाही, आणि रिकाम्या हाताने घरी आली. मला हे तिने सांगितलं नाही, दुकानदाराने सांगितलं. आपल्या कंपनीत जे कोणी तो हिरवा आकडा पडद्यावर कसा दिसावा हे ठरवतात, त्यांच्यापर्यंत हे जावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे. तो आकडा बघून माणसं ठरवतात की आज डाळ घ्यायची की नाही.

कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करून व्यवहारांची यादी ऐकली तेव्हा उलगडा झाला. आदल्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या एका दुकानात तीन वेळा लागोपाठ खरेदी झाली होती. मावशी त्या राज्यात कधी गेलेली नाही. कार्डाची नक्कल झाली होती. आपल्या कंपनीला हा धंदा माहीत असणारच. दुकानातल्या यंत्रावर चोर नकली आवरण बसवतात, ते कार्डाच्या काळ्या पट्टीवरची माहिती आणि दाबलेला पिन दोन्ही टिपतं. साध्या बँकेच्या कार्डांना इथे केव्हाच चिप आली. ईबीटी कार्डं मात्र बहुतेक ठिकाणी पट्टीवरच राहिली; कॅलिफोर्नियाने चिपची कार्डं द्यायला सुरुवात केली तीही २०२५ मध्ये. मावशीच्या कार्डाला नुसती पट्टीच आहे.

हा दोष आपला नाही, हे मला मान्य आहे. चोरी आपण केलेली नाही आणि पट्टीचं कार्डही आपण दिलेलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पैसे गेल्यानंतरही तुमचं ॲप रोज ३११ डॉलर दाखवत राहिलं. मावशी रोज सकाळी चहा झाला की ॲप उघडते, हा तिचा नेमच आहे. पहिली खोटी खरेदी झाली त्या दिवशी तिला आकडा खाली आलेला दिसला असता, तर तिने मला फोन केला असता, आम्ही कार्ड बंद केलं असतं, आणि पुढच्या दोन खरेद्या बहुधा टळल्या असत्या. तिने बघितलं नाही असं झालेलं नाही. तिने बघितलं, आणि तुम्ही तिला खोटं दाखवलं.

यावर आपल्याकडून आलेलं उत्तर असं: “राज्याच्या यंत्रणेकडून त्या काळात माहिती मिळू शकली नाही, त्यामुळे ॲपने शेवटची उपलब्ध शिल्लक दाखवली.” मी मग पडदा नीट तपासला. सगळ्यात खाली, फिकट करड्या रंगात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत शेवटच्या नोंदीची तारीख होती. वर मात्र आजची शिल्लक. माहिती मिळत नाही हे तुमच्या यंत्रणेला ठाऊक होतं, ते तिने तळाला लिहूनही ठेवलं होतं, फक्त जिला ते कळायला हवं होतं तिला सांगितलं नाही. माहिती नसेल तर आकडा दाखवू नका. ‘सध्या शिल्लक कळत नाही, कार्डामागच्या नंबरावर विचारा’ एवढं मोठ्या अक्षरांत लिहा. तो नंबर दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. खरेदीनंतरच्या पावतीवरही शिल्लक छापलेली असते. यांतलं काही बघितल्याशिवाय मावशी आता घराबाहेर पडत नाही.

चोरीला गेलेले पैसे परत मिळतील का, असं मावशी मला अजून विचारते. तिला समजावताना मला जड जातं, कारण उत्तर वाईट आहे. १ ऑक्टोबर २०२२ ते २० डिसेंबर २०२४ या काळात कार्डाची नक्कल करून चोरलेले स्नॅपचे पैसे केंद्राच्या निधीतून भरून देण्याची सोय होती. ती मुदत संपली, पुढे वाढली नाही. क्रेडिट कार्डावर कुणी चोरी केली तर ग्राहकाची जबाबदारी कायद्याने ५० डॉलरवर थांबते. ईबीटी कार्डाला तसं संरक्षणच नाही. १९९६ च्या कायद्याने ही कार्डं बँकेच्या कार्डांच्या नियमांतून बाहेर काढली. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा, त्याचा पैसा सगळ्यात उघडा. म्हणून या लोकांसाठी वेळेवर कळणं एवढाच बचाव उरतो. तुम्ही ॲपच्या जाहिरातीत ‘निश्चिंत राहा’ असं लिहिता. मावशी निश्चिंत राहिली.

हे पहिल्यांदा झालं असं मला वाटत नाही. १ नोव्हेंबर २०२५ चं आठवा. १ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे पैसे १ तारखेला देणार नाही, हे स्नॅप चालवणाऱ्या कृषी खात्याने आधीच सांगून ठेवलं होतं. देशभरातले चार कोटींहून जास्त लोक श्वास रोखून बसले होते. त्या दिवशी मावशीच्या फोनवर तुमचा संदेश आला: आपले पैसे जमा झाले आहेत! पुढे टाळ्या वाजवणारे हात. न्यू जर्सीत केस नंबरप्रमाणे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत पैसे जमा होतात. त्यावरून तुमची यंत्रणा तारीख गृहीत धरते आणि पैसे आले की नाही हे न बघताच संदेश सोडते, असं दिसतं. मावशीच्या इमारतीतल्या बायकांनी तो संदेश एकमेकींना दाखवला आणि त्यांतल्या काही दुकानात जाऊन परत आल्या. त्या वेळी मी तक्रार केली नाही, कारण सगळीकडेच गोंधळ होता. पण दोन्ही वेळा मुळात एकच गोष्ट झाली आहे. ठाऊक नसलेली गोष्ट तुम्ही ठाऊक असल्यासारखी सांगितली.

आणखी एक. शिल्लक दाखवणाऱ्या पानावर आकड्याच्या लगेच खाली पगाराआधी कर्ज देणाऱ्यांची जाहिरात येते. आकडा कमी झाला की ती जास्त वेळा येते, असं मला दिसलं. हा योगायोग असेल तर तसं लेखी कळवा. फुकट ॲपला जाहिराती लागतात, हे फोनवर मला ऐकवलं गेलं. ॲप फुकट नाही. मावशीने तिच्या कार्डाचा सोळा आकडी नंबर तुम्हाला दिला आहे, ती काय, कुठे आणि कधी विकत घेते हे तुम्हाला कळतं, आणि त्यावरच तुमचा व्यवसाय उभा आहे. ती तुमची ग्राहक आहे.

मदत मागतानाही तिला तसं वागवलं गेलं नाही. मी तिची अधिकृत प्रतिनिधी आहे, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात तसा अर्ज रीतसर नोंदवलेला आहे आणि त्याची प्रत मी पाठवली होती. तरी प्रत्येक वेळी ‘फक्त कार्डधारकाशीच बोलू’ असं सांगण्यात आलं. कार्डधारकाला इंग्रजी येत नाही, आणि मराठी येणारीला मराठी बोलायची परवानगी नाही. मग मावशीने बोलायचं कुणाशी?

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. २००२ च्या सुमारास न्यू जर्सीच्या फूड स्टॅम्पधारकांचे मदतीचे फोन मुंबईत घेतले जात होते. राज्याच्या सिनेटर शर्ली टर्नर यांनी त्याला हरकत घेतली, बराच गाजावाजा झाला आणि पुढे ते काम परत न्यू जर्सीत, कॅम्डेनला आणलं गेलं. नोकऱ्या कुठे असाव्यात यावर तेव्हा सगळे बोलले. फोन करणाऱ्या बाईला उत्तर बरोबर मिळतं का, यावर फारसं कुणी बोललं नाही. पुण्यात काम चालतं याला माझा विरोध नाही, उलट मला त्याचा आनंद आहे. एडिसन, आयझलिन, जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारी किती म्हातारी माणसं हे कार्ड वापरतात, याचा अंदाज तुम्हाला न्यू यॉर्कमधल्या कुणापेक्षा लवकर येऊ शकतो. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायची सोय तुमच्या एका खोलीत बसलेली आहे. तिला बोलू द्या.

माझ्या मागण्या सरळ आहेत. आकड्याशेजारी, आकड्याएवढ्याच ठळकपणे, ती शिल्लक कोणत्या दिवसाची आणि किती वाजताची आहे ते दिसलं पाहिजे, आणि माहिती एका दिवसापेक्षा जुनी असेल तर आकडा दिसताच कामा नये. पैसे खरोखर जमा झाल्याची खात्री झाल्याशिवाय जमा झाल्याचा संदेश जाऊ नये. राज्याबाहेर खरेदी झाली की तत्काळ सूचना यावी, आणि कार्ड बंद करण्याचं बटण पहिल्याच पानावर असावं. सध्या ते सेटिंग्जमध्ये इतकं आत आहे की मलाही शोधायला वेळ लागला. शिल्लकेच्या पानावरून कर्जाच्या जाहिराती काढा. आणि मावशीच्या खात्यावर त्या आठवड्यात तुमच्या यंत्रणेला राज्याकडून नेमकी कधी माहिती मिळाली आणि कधी मिळाली नाही, याची नोंद आम्हाला द्या. चोरीची तक्रार आम्ही पोलिसांत आणि काउंटी कार्यालयात दिली आहे, तिथे तिचा उपयोग होईल.

भरपाईबद्दलही स्पष्ट लिहिते. गेलेल्या ३०७ डॉलरपैकी पहिली खरेदी तुमच्या हातात नव्हती. दुसरी आणि तिसरी, मिळून २१४ डॉलर, खरी शिल्लक दिसली असती तर टळण्यासारखी होती. तेवढी रक्कम कंपनीने मावशीला द्यावी, अशी आमची मागणी आहे. तिच्यासाठी ते दोन महिन्यांहून जास्तीचं धान्य आहे.

पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं, आणि ते मराठीत द्यावं. न दिल्यास न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे हीच कागदपत्रं जातील. फोनवर बोलायचं असल्यास संध्याकाळी मी मावशीकडे असते. त्या दिवशी जी मुलगी बोलली होती, तिलाच फोन करायला सांगितलंत तर मावशीला बरं वाटेल.

आपली,
कार्डधारकाची भाची व अधिकृत प्रतिनिधी

सोबत: ॲपच्या पडद्याचे फोटो (१ नोव्हेंबरच्या संदेशासह), दुकानातली शिल्लक दाखवणारी पावती, मदत क्रमांकावरून मिळालेली व्यवहारांची यादी, पोलीस तक्रारीची प्रत, प्रतिनिधी नेमल्याच्या अर्जाची प्रत