काकू, तुम्ही बेल वाजवायचात म्हणून

प्रिय काकू,

पुढच्या महिन्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, तुम्ही तळेगावला आणि मी वारज्याला, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो. समोर बसून बोलायला लागलो तर तुम्ही "पुरे रे, चहा घे" म्हणून विषय बदलणार हे मला माहितीये. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण घर भाड्याने देणाऱ्या माणसांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

2021 ला मी कराडहून पुण्यात आलो तेव्हा अपघाताला तीन वर्षं झाली होती. पाठीच्या कण्याला डी 12 मणक्यापाशी इंजुरी, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर, पण हात भक्कम, नोकरी चालू, पगार वेळेवर. आईबाबांचं म्हणणं एकच, घरी राहा नाहीतर एखाद्या संस्थेत राहा, एकटा नको. त्यांची काळजी खरी होती, त्यांना मी दोष देत नाही, पण मी 26 वर्षांचा होतो आणि सकाळी किती वाजता उठायचं, कधी जेवायचं, कोणाला घरी बोलवायचं हे मला माझं ठरवायचं होतं. ब्रोकरने चौदा घरं दाखवली. कुठे लिफ्ट होती पण लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या, आणि जिथे सगळं जमत होतं तिथे मालक माझ्या भावाकडे बघून विचारायचे, "ह्यांच्याबरोबर राहणार कोण?" मी तिथेच समोर बसलेलो असायचो.

तुम्ही पहिला प्रश्न मला विचारलात. "खुर्चीची रुंदी किती रे?"

25 इंच. बाथरूमचं दार 24. मला वाटलं झालं, हेही घर गेलं. तुम्ही वर जाऊन शिवणाची टेप घेऊन आलात, दार परत मोजलंत, आणि म्हणालात चौकट काढू, बाहेरून सरकतं दार बसवू, तू किती दिवसांनी येऊ शकतोस ते सांग. लीव्ह अँड लायसन्सचा कागदसुद्धा झाला नव्हता तेव्हा.

त्या कामाचे तीन आठवडे मी विसरणार नाही. बाथरूमचा उंबरठा काढून पाण्याला जाळीकडे उतार दिला, कमोडशेजारी स्टीलचा बार लावला, आणि मी कराडला होतो म्हणून तुम्ही मला व्हिडिओ कॉल लावून दोन्ही हातांनी त्या बारला लोंबकळून दाखवलंत, "बघ, हलत नाही." 71 वर्षांच्या होतात तुम्ही, माझी आई शेजारी बसून बघत होती आणि त्या दिवशी रात्री तिने पहिल्यांदा विचारलं की मग तिथे जेवणाचं काय करशील.

रॅम्पचं तर केवढं रामायण. तीन पायऱ्या म्हणजे 18 इंच उंची, एकास बारा हा उतार धरला तर 18 फूट रॅम्प लागतो. गवंडी म्हणत होता आठ फुटांत बसवतो, स्कूटर चढते की आरामात. त्याचं चुकत नव्हतं, पण असल्या चढावर खुर्ची मागे उलटते, आणि ढकलायला कोणी असेल तरच जमतं. मला ढकलायला कोणी नको होतं. गेटपर्यंत जागा 12 फूट, म्हणजे वळण घ्यावं लागणार आणि वळणाच्या जागेवर नेमकं तुमचं अनंताचं झाड. मी म्हटलं काकू राहू दे, काहीतरी करू. तुम्ही म्हणालात, "अनंत परत लावता येतो." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आरडाओरडा झाला तेव्हा मी तुम्हाला पाठवलेला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाचा कागद तुम्ही टेबलावर ठेवलात. समाजात राहण्याचा हक्क, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नाही, आणि घरात लागणारी मदत मिळायची सोय हवी, हे सगळं त्यात आहे. मी तो कागद कितीतरी जणांना पाठवला होता, शेवटपर्यंत वाचलात तुम्ही एकट्याने.

पण काकू, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते बेलचे. माझ्या घराची एक किल्ली तुमच्याकडे होती. चार वर्षांत तुम्ही एकदाही किल्लीने सरळ आत आला नाहीत. बेल वाजवायचात आणि थांबायचात. मला बेडवरून खुर्चीत येऊन दारापर्यंत यायला तीन-चार मिनिटं लागतात, तेवढा वेळ तुम्ही बाहेर उभ्या, गुडघा दुखत असतानासुद्धा. हॉस्पिटल, रिहॅब, मग घर, सगळीकडे लोक माझ्या खोलीत न विचारता यायचे, अंगावरचं पांघरूण न विचारता काढायचे, मला त्याची सवयच झाली होती. ज्या रात्री मला युरिन इन्फेक्शनने थंडी भरून आली, दात वाजत होते, मी फोनवर फक्त "काकू या" एवढंच बोललो, त्या रात्रीही तुम्ही आधी बेल वाजवलीत, आतून मी "या" म्हटल्यावर किल्ली फिरवलीत आणि आत येऊन विचारलंत, "काय करू सांग." रिक्षा की अँब्युलन्स, कुठली फाइल, सगळं मला विचारून.

सकाळी 7 ते 9 माझ्या मदतीला येणारे मामा गणपतीत गावाला गेले की तुम्ही दुसरा माणूस शोधून द्यायचात, पण ठेवायचा की नाही हे मी ठरवायचो. घरी एकटा राहतोस तर स्वयंपाक कसा करतोस म्हणून लोक विचारतात, खालच्या उंचीचा ओटा तुम्ही करून दिलात म्हणून करतो. मेट्रो सुरू झाल्यावर लिफ्टने वर जाऊन वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत एकटा गेलो, परत आल्यावर पहिला फोन तुम्हाला केला होता, आठवतं का?

मी तुमच्यासाठी काय केलं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून काढून दिला, गॅसचं बुकिंग, एवढंच. तरी तुम्ही तळेगावचं घर बघायला जाताना मला बरोबर नेलंत, हे मला फार मोठं वाटलं.

आता त्याबद्दल. बाथरूमचं दार 32 इंच आहे, छान. पण कमोडशेजारचा बार डावीकडे आहे आणि तुमचा उजवा गुडघा दुखतो, उठताना उजव्या हाताला आधार पाहिजे. मी तिथल्या मॅनेजरला फोन करून सांगितलंय, शनिवारी बदलतील. बसवून झाला की मी येतो बघायला, तुम्ही लोंबकळू नका, मी ओढून बघेन. आणि शिवणाची टेप माझ्याकडेच राहिलीये, ती घेऊन येतो.

तुमचा
तळमजल्यावरचा