नानांचा रेडिओ आणि पिन

पुणे, १४ जुलै

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. २०१९ च्या महापुरात तुमची सांगलीची खालची खोली गेली, तरी माळ्यावरचा नानांचा रेडिओ कोरडा राहिला, हे वाचून फार बरे वाटले; मात्र "रविवारी पिन लावून बघतो" हे तुझे शेवटचे वाक्य वाचले आणि लगेच लिहायला बसलो. कृपा करून पिन लावू नकोस.

हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. जुन्या बाजारातून एका बुधवारी पहिला रेडिओ आणला तेव्हा मला धीर धरवला नाही. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापले, खरखर सुरू झाली, पुसटसे गाणेही आले, आणि हिला हाक मारून बोलावेपर्यंत आतून जळक्या मेणाचा वास सुटला. दोष बोटाच्या पेराएवढ्या एका कागदी कंडेन्सरचा होता. आधीच्या व्हॉल्व्हचा विजेचा उच्च दाब अडवून फक्त आवाजाचा संदेश पुढच्या ईएल ८४ या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे त्यातल्या प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीपर्यंत, जाऊ देणे एवढेच त्याचे काम. पण वर्षानुवर्षे दमट हवेत राहून कागद ओलावला की दाब झिरपू लागतो, ग्रिडवरचा ताबा सुटतो, व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहतो, त्याचा आतला पत्रा लाल होतो आणि शेवटी स्पीकरला आवाज पोहोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर तपकीर गल्लीत चहाच्या पैशांत मिळाला असता; ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर शोधण्यात माझे पाच महिने गेले.

तेव्हा आधी मागचा पुठ्ठा काढ आणि व्हॉल्व्हवरची अक्षरे नीट वाच. नाव 'ई'ने सुरू होत असेल, तर त्याचे फिलॅमेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टवर चालते आणि संचात बहुधा त्याला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा मेन ट्रान्सफॉर्मर असतो. 'यू'ने सुरू होत असेल, तर तो असा ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी संच समज. त्यात सगळी फिलॅमेंट एकामागोमाग एक जोडलेली असतात: यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूएफ ८९ ला १२.६, यूबीसी ८१ ला १४, यूएल ८४ ला ४५ आणि यूवाय ८५ ला ३८. म्हणजे सुमारे १२९ व्होल्ट होतात आणि २३० पैकी उरलेले शंभर एक जाडजूड रेझिस्टन्स नुसती उष्णता करून घालवतो. एक व्हॉल्व्ह गेला की दिवाळीच्या माळेसारखे सगळे विझतात, ही गैरसोय झाली; खरा धोका असा की विजेची एक तार थेट चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते, त्यामुळे पिन उलटी बसल्यास, बटण निघालेल्या दांड्याला हात लावणे म्हणजे घरच्या विजेलाच हात लावणे. तुझ्या छायाचित्रात मला 'ईसीएच ८१' दिसते, म्हणून जिवात जीव आला. तरी कागदी आणि फिल्टरचे कंडेन्सर बदलल्यावरच, शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून आपण त्याला वीज देऊ. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर लगेच पिन काढायची. (एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, हे सांगून ठेवतो.)

मी नवे कंडेन्सर जुन्यांच्याच नळ्या पोकळ करून त्यांत बसवतो आणि तोंड पुन्हा मेणाने बंद करतो. पुठ्ठा काढून आत कोण पाहणार, असे म्हणत मुलगी हसते, आणि तिचे काही चूक नाही. पण मला ते दिसते. हल्ली लाकडाला आरशासारखे पॉलिश मारून आत ब्लूटूथचा स्पीकर बसवतात आणि त्यालाच पुनरुज्जीवन म्हणतात, त्यापेक्षा तो माळ्यावर पडलेला बरा.

म्हणूनच डायलच्या काचेला फडके लावू नकोस. अक्षरे काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि रंग सुकून नुसता टेकलेला असतो. माझ्या दुसऱ्या रेडिओवर ओला कापूस एकदाच फिरवला, तर 'कोलंबो' कापसावर आले आणि काच कोरी राहिली. तुझ्या डायलवर २५ मीटरजवळ एक लाल ठिपका दिसतो. तो नेलपॉलिशचा असावा, आणि लावला असेल नानांनीच. बा. वि. केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले होते आणि निम्मा देश रेडिओ सिलोनकडे वळला होता. १९५२ पासून तिथल्या बिनाका गीतमाला या सिनेगीतांच्या कार्यक्रमासाठी बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हवर नेमकी जागा सापडवणे हे घरातल्या एकाच माणसाचे काम असे. बाकी धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडली तरी चालेल, ठिपका मात्र राहू दे.

माळ्यावर अजून दोन गोष्टी शोध. तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधत, ती मिळाली तर उत्तम. दुसरे म्हणजे रेडिओ ठेवायला तेव्हा लागणारे पोस्टाचे परवान्याचे पुस्तक. त्यात दरवर्षीच्या शुल्काची तिकिटे चिकटवलेली असतील, त्यावरून हा संच घरात कधी आला ते कळेल.

पुढच्या शनिवारी सोल्डरिंग गन, मीटर आणि कंडेन्सर घेऊन सकाळच्या गाडीने येतो. तोवर पिन खिशात ठेव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
वसंत