तक्रार पत्र: हवा टायरमध्ये नाही, क्लचमध्ये आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 1966 च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीसाठी पाठवलेला सदोष क्लच स्लेव्ह सिलिंडर

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवला. हा सातवा. त्यामुळे स. न. वि. वि. राहू द्या.

सिलिंडर तुमचाच, तेव्हा तो कसा असतो हे मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण डबा भरताना कुणी आत पाहिलेलं दिसत नाही. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं क्लच सोडवतो तो हा सिलिंडर. त्याचं निपल, म्हणजे हवा बाहेर काढायची तोटी, वर आणि तेलाच्या नळीचं भोक खाली असायला हवं. तुमच्यात उलटं आहे. हवा वर जाते, निपल खाली! आता आमच्या हिनं चार संध्याकाळी पेडल दाबलं काय आणि चाळीस दाबलं काय. उलटा फिरवून बसवावा, तर नळी पोचत नाही.

मी गाडीखाली उताणा. "दाब." "दाबलं." निपल सैल, तेल, निपल घट्ट. "सोड." चौथ्या दिवशी ती "दाबलं" म्हणायचीही बंद झाली. डॉट 4 या ब्रेक-क्लचच्या तेलाच्या दोन बाटल्या संपल्या, सांडलेल्या तेलानं पेडलकडच्या मास्टर सिलिंडरखालचा रंग सोलला. क्लच ढकलणारा दांडा, पुशरॉड, चार सूत सरकायला हवा, तो दोन सूतही हलेना. तशीच गाडी बाहेर काढली, ती समर्थ मंदिर चौकात गिअरमध्ये अडकली आणि मागे एसटी हॉर्न धरून उभी.

माझंच हवा काढणं चुकतंय म्हणाल, तर त्याच आठवड्यात, त्याच पायानं, त्याच तेलानं चारही चाकांचे ब्रेक तासाभरात केले. लांबचं मागचं चाक आधी, ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं शेवटी. पेडल दगडासारखं लागतं.

आता तो फोन. मी म्हणालो, "क्लचमधली हवा निघत नाही."

"सर, कुठल्या चाकाची?"

"चाकाची नाही हो, क्लचची."

"सर, हवा काढायची नसते, भरायची असते."

मी चिडलो नाही. (हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकता येईल. दर्जा सुधारण्यासाठी करता ना ते?) शांतपणे समजावलं, की तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल आत जातं पण पलीकडे काही सरकत नाही. शाळेतल्या पोराला कळावं असं सांगितलं. तो "हो सर, हो सर" करत राहिला. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाला, "जवळच्या पेट्रोल पंपावर चेक करून घ्या सर, फ्री असतं. आणखी काही मदत करू शकतो का?"

आणखी!

दोन मिनिटांत मेसेज आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल.

तुमची 'टेक्निकल टीम' तर म्हणे, गाडी जुनी आहे, होतं असं. गाडी जुनी आहे हो, सिलिंडर नवीन आहे.

शेवटी गोडोलीच्या मिस्त्रींनी दोन बोल्ट काढून सिलिंडर मोकळा केला, पिस्टन आत दाबून बांधला आणि निपल वर येईल असा लटकत धरला. पुढच्या ब्रेकच्या निपलपासून क्लचच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी लावली आणि मला ब्रेक दाबायला बसवलं. तेल खालून वर चढलं, क्लचच्या टाकीत बुडबुड्यांची रांग लागली. दहा मिनिटांत काम झालं. पैसे घेईनात, कंदी पेढे दिले.

मग तक्रार कशाला, असं तुमच्या मनात येईल. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, दर दोनेक वर्षांनी बदलावंच लागतं. दर वेळी मी सिलिंडर खुंटीवरच्या पिशवीसारखा लटकवत बसू? आणि निपल खालीच आहे, हे परत सांगतो.

अकरा वर्षं तुमच्याकडून सामान घेतोय. ब्रेकची रबरं घ्यावीत तर तुमचीच, असं मीच चार जणांना सांगितलं. त्या चौघांनाही आता फोन करायचे आहेत.

बरोबर भोकांचा सिलिंडर, सिलिंडरचे 6,400 रुपये आणि रंगाचा खर्च पंधरा दिवसांत मिळाला नाही, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. बिल आणि फोटो सोबत आहेत. फोटोत निपल कुठे आहे ते लाल पेनानं दाखवलंय. खाली.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
शाहूपुरी, सातारा

ता. क. : चारही टायरमधली हवा तपासली. बरोबर आहे.