१९१८ च्या इन्फ्लुएंझाचे बळी मोजले कसे?

संपादक महोदय,

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचा विषय निघाला की ‘भारतात दोन कोटी माणसे दगावली’ असे कुठे छापून येते, कुठे सव्वा कोटी, तर कुठे साठ लाख. यातला एकही आकडा मोजलेला नाही, सगळे अंदाज आहेत. ते कशावरून काढले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रोगांचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यांचे निम्मे आयुष्य याच प्रश्नात जाते.

त्या काळी ब्रिटिश मुलखातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद पाटील, चौकीदार अशी माणसे करत. त्यांना वैद्यकाचा गंध नव्हता. पटकी, देवी, प्लेग ओळखू येत, त्यांना रकाने होते. बाकी बहुतेक सारे ‘ताप’ या एका रकान्यात जाई आणि इन्फ्लुएंझाही तिथेच किंवा श्वासाच्या विकारांत बुडाला. मग इतिहासकार आडवाटेने जातो. आधीच्या काही वर्षांत त्या-त्या महिन्यात सरासरी किती मृत्यू होत ते काढायचे, १९१८ च्या त्याच महिन्याच्या आकड्यातून वजा करायचे. उरेल तो ‘जादा मृत्यू’.

वजाबाकी सोपी, पण ती फसते. नोंद करणारेच तापाने पडले, त्यामुळे ज्या आठवड्यांत मृत्यू सर्वांत जास्त, नेमकी तेव्हाच वही अर्धवट. बहुतेक संस्थानी मुलूख तर या नोंदीच्या बाहेरच होता. चूक उलट्या दिशेनेही होते. १९१८ च्या सुरुवातीला प्लेग होता आणि त्या वर्षी पाऊसही फसला. पूर्ण वर्ष सरसकट धरले तर त्यांचे मृत्यूही इन्फ्लुएंझाच्या खाती चढतात. बरे, लाट सगळीकडे एकदम आली नाही. मुंबईत ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिगेला पोहोचली, उत्तरेत आणि पूर्वेत त्यानंतर. म्हणजे महिनेही प्रांतागणिक निवडावे लागतात.

म्हणून आकडे हलतात. सरकारी आरोग्य खात्याचा पहिला हिशेब सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणना अहवालाने नोंदीतली गळती आणि नोंद नसलेला मुलूख धरला, तेव्हा तो सव्वा कोटीच्या घरात गेला. अभ्यासक इयन मिल्स यांनी १९८६ मध्ये एका लेखात १ कोटी ७० ते ८० लाख असा अंदाज मांडला. जिल्हावार लोकसंख्येवरून २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आकडा निघाला, तोही ब्रिटिश अमलाखालच्या भागापुरता. लोकसंख्येतल्या तुटीवरून मोजण्याचा वेगळाच धोका असतो. साथीनंतर जन्मही घटले, आणि जी मुले जन्मलीच नाहीत ती मृतांत मोजली जाऊ शकतात. आकडा छापताना मुलूख कोणता, महिने कोणते आणि मूळ नोंद कोणती, एवढे तरी सोबत द्यावे. दोन ओळी लागतात.

मला एकूण बेरजेपेक्षा मिल्स यांच्या लेखातला मुंबईचा तक्ता मोलाचा वाटतो. त्यात इन्फ्लुएंझाने दर हजारी झालेले मृत्यू समाजवार दिले आहेत: युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि तक्त्याच्या भाषेत ‘खालच्या जातींचे’ हिंदू ६१.६. एका खोलीत किती जण निजत आणि आजाऱ्याला पाणी द्यायला घरात कोण उरे, याचा हा हिशेब आहे. जंतू सगळ्यांसाठी तोच होता.

हा तक्ताही डोळे मिटून घेऊ नये. साथीआधीची शेवटची जनगणना १९११ ची. १९१८ मध्ये शहरात कोणत्या जातीचे किती लोक राहत होते, हे कुणी मोजलेलेच नव्हते. मधल्या सात वर्षांत गिरण्या-गोद्यांच्या कामासाठी गरीब माणूस मुंबईत येतच होता. छेद, म्हणजे ज्या लोकसंख्येने मृत्यूंना भागायचे ती, जुना आणि लहान राहिला, तर दर फुगतो. तेव्हा ६१.६ मधला दशांश विसरावा. पण १८.९ आणि ६१.६ मधले सारे अंतर छेदाच्या माथी मारायचे, तर सात वर्षांत ती वस्ती तिपटीहून जास्त वाढली असे मानावे लागेल.

— एक वाचक