जुन्या मराठी पुस्तकांच्या साइटसाठी फोटो हवेत, टायपिंग करणारे हवेत आणि थोडे पैसेही हवेत

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातली जुनी मराठी पुस्तकं जमवणारी माणसं. कुणी बँकेतून रिटायर झालेलं, कुणी शाळेत शिकवतं, दोघं-तिघं आयटीत आहेत. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये भेटतो, माटुंग्याच्या नाहीतर फोर्टच्या फूटपाथवर काय मिळालं ते एकमेकांना दाखवतो, आणि त्यातूनच ही साइट सुरू झाली. एखादं पुस्तक कुठल्या साली, कुठल्या छापखान्यात छापलं, किंमत काय होती, मुखपृष्ठ कोणी काढलं, दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं, एवढ्याच नोंदी तिथे आहेत, पण त्या फोटोसकट आहेत. आता काम आमच्या आवाक्याबाहेर जायला लागलंय म्हणून सगळ्यांना सांगतोय.

पहिला प्रश्न हमखास येतो की लायब्ररीत असतंच की हे सगळं, मग वेगळी साइट कशाला? शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची आहे, १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची, आणि ती उघडल्याशिवाय आमचं पानही हलत नाही, एवढं मोठं काम त्या माणसाने करून ठेवलंय. पण सूचीत मुखपृष्ठ दिसत नाही. आणि लायब्ररीत पुस्तक गेलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा त्याचं वरचं कव्हर जातं, जाड पुठ्ठ्याची बांधणी होते, कडा कापल्या जातात, कण्यावर नंबर चिकटतो. त्यांचंही बरोबर आहे, पुस्तक शंभर हातांतून जायचं तर टिकायला हवं. पण त्यामुळे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांनी केलेली कितीतरी मुखपृष्ठं आज लायब्ररीत सापडतच नाहीत, ती कुणाच्या तरी घरी माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर आजोबांच्या कपाटात आहेत. म्हणून ही साइट घराघरांतूनच उभी राहू शकते.

गुडरीड्स, लायब्ररीथिंग या आपल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या साइट चांगल्याच आहेत, आमच्यातले बरेच जण वापरतात. पण तिथला सगळा सोपेपणा आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकावर चालतो, नंबर टाकला की पुस्तक समोर. आता आयएसबीएन आला १९७० च्या सुमारास आणि मराठी पुस्तकांवर तो दिसायला लागला त्याच्याही बऱ्याच नंतर, म्हणजे आम्ही जे जमवतो त्यातल्या बहुतेक पुस्तकांना नंबरच नाही. कित्येकांवर तर सालसुद्धा नाही, नुसतं 'आवृत्ती तिसरी' छापून मोकळे.

मग साल काढायचं कसं, तर पुस्तक स्वतःच सांगतं, फक्त बघता आलं पाहिजे. किंमत 'दोन रुपये आठ आणे' असेल तर ते बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. प्रकाशकाचा पत्ता नुसता 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' असेल तर साधारण १९७२ च्या आधीचं, आणि 'मुंबई ४०० ००४' असेल तर नक्की नंतरचं, पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. 'घरांत', 'त्याचें', 'नाहीं' असे अनुस्वार दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची जुळणी असण्याची शक्यता जास्त (अर्थात काही लेखकांनी आणि प्रकाशकांनी जुनी पद्धत पुढेही चालू ठेवली, त्यामुळे एकट्या अनुस्वारावर जाऊ नये). शके दिलं असेल तर ७८ मिळवायचे, शके वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. आणि पानाच्या मागच्या बाजूने हलकं बोट फिरवलं की खिळ्यांची, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेली जुनी छपाई बऱ्याचदा बोटाला लागते, नंतरच्या ऑफसेट छपाईचं पान सपाट असतं. कधी जुन्या किमतीवर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती सोलू नका, ती पण माहितीच आहे. हे सगळं आम्हाला साइटवर नीट बसवायचंय, म्हणजे कुणीही आपल्या पुस्तकातल्या या खुणा भरल्या की 'अंदाजे १९५७ ते १९६२' असं उत्तर आपोआप मिळेल आणि ते कशावरून काढलं तेही खाली दिसेल.

पैसे कशाला हवेत ते आता स्पष्टच सांगतो. साइट सध्या एका फुकट होस्टिंगवर आहे, फोटोंची जागा भरत आली, रात्री गर्दी झाली की पानं उघडत नाहीत. डोमेन, चांगलं होस्टिंग आणि वेगळ्या ठिकाणी बॅकअप मिळून वर्षाला १८,००० रुपयांच्या आसपास खर्च येईल असा आमचा अंदाज आहे, आणि निदान तीन वर्षांचे पैसे हातात असल्याशिवाय लोकांचे फोटो आपल्याकडे घेणं आम्हाला जबाबदारीचं वाटत नाही. कोडिंगचं काम आमची पोरं फुकट करतायत. १०० रुपये दिले तरी चालतील, पावती मिळेल, जमाखर्च दर तिमाहीला साइटवरच लागेल. वर्गणीवर आयकरात सवलत मात्र मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

पण पैशांपेक्षा दोन गोष्टींची जास्त गरज आहे. एक म्हणजे मराठी शोधाचं काम येणारा कुणी प्रोग्रामर. आज 'दुसऱ्या' हा शब्द दोन वेगळ्या कीबोर्डवरून टाईप केला तर डोळ्याला सारखाच दिसतो पण आतून वेगळा असतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी खूण, त्यामुळे पुस्तक साइटवर असूनसुद्धा शोधणाऱ्याला 'सापडलं नाही' असं येतं. तसंच जुने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, 'आवृत्ति' आणि 'आवृत्ती', हे सगळं शोधताना एकच धरलं गेलं पाहिजे, आणि नोंदीत मात्र मूळ छापलंय तसंच राहिलं पाहिजे. शिवाय काही जणांनी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या याद्या मोठ्या मनाने दिल्यात, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसेल अशा रूपात आणायच्या आहेत, आणि कन्व्हर्टरमधून काढल्यावर जोडाक्षरं तुटतात ती माणसानेच बसून दुरुस्त करावी लागतात. मराठी टायपिंग येणाऱ्या कुणीही हे घरबसल्या करू शकतं, आठवड्याला तासभर दिला तरी खूप झालं.

दुसरी गोष्ट फोटो. पुस्तक आम्हाला देऊ नका, विकू नका, पाठवूही नका, तुमच्याच घरी राहू दे. फक्त मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा आणि आतलं छपाईची माहिती असलेलं पान, एवढे फोटो मोबाईलवर काढून द्या. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, पुस्तक जबरदस्तीने सपाट उघडू नका कारण जुना कणा तडकला की पानं सुटतात. कव्हर फाटलेलं असेल, कसर लागली असेल, पहिल्या पानावर कुणाची सही किंवा बक्षिसाचा शिक्का असेल तरी चालेल. पुस्तक मोठ्या लेखकाचंच हवं असंही काही नाही, उलट रहस्यकथा, पाककृती, शाळेच्या वाचनमाला, नाटकांच्या जुन्या प्रती, दिवाळी अंक हेच आधी रद्दीत जातं, त्यांचे फोटो आले तर आम्हाला फार आनंद होईल.

आतला मजकूर आम्ही टाकत नाही. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, दलाल गेले १९७१ साली, म्हणजे त्यांच्या चित्रांचे हक्क २०३१ अखेरपर्यंत आहेत, म्हणून मुखपृष्ठाचा फोटोही आवृत्ती ओळखता येईल एवढाच लहान ठेवतो, चित्रकाराचं नाव सापडलं की लगेच देतो, आणि हक्क असलेल्यांनी काढा म्हटलं तर काढतो. पुस्तक कोणाकडे आहे, कुठल्या गावात आहे हे साइटवर कुठेच दिसणार नाही, तुम्ही स्वतः सांगितलंत तरच नाव लागेल. सगळ्या नोंदी कुणालाही एका फाईलमध्ये उतरवून घेता येतील असं करतोय, उद्या आम्ही नसलो तरी दुसऱ्या कुणाला पुढे नेता आलं पाहिजे.

आणि एक कळकळीची विनंती. घर बदलताय, आईवडिलांचं घर आवरताय, कपाट रिकामं करायचंय, असं असेल तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी आम्हाला एक निरोप द्या. अशी हाक आली की आमच्यातले दोघं येतात, तिथेच बसून फोटो काढतात, पुस्तकांचं पुढे काय करायचं ते ठरवणं सर्वस्वी तुमचं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, गोवा, बडोदा, इंदूर इथे असं जाऊ शकणारे लोक आम्हाला हवे आहेत. परदेशात असाल आणि जाताना नेलेली मराठी पुस्तकं अजून जवळ असतील तर तुम्हीही फोटो काढून पाठवा.

साइटवर 'भर घाला' असं बटण आहे, फोटो तिथूनच चढवा, वर्गणीची आणि कामात यायची माहितीही तिथेच आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी पुढच्या बैठकीला पुस्तकं पिशवीत घालून घेऊन या, आम्ही तिथेच फोटो काढून लगेच परत देऊ. नवीन होस्टिंगवर दिवाळीच्या आत जायचंय, त्यामुळे वर्गणी देणार असाल तर गणपतीपर्यंत दिलीत तर फार बरं होईल.